चंद्राच्या कडेने ताऱ्यांची मोजणी

त्र्यंबकेश्वर, नाशिक, निफाड आणि येवला ही नाशिक जिल्ह्यातील चार गावे नकाशावर पाहा. ती जवळजवळ एका आडव्या रेषेत, पश्चिमेकडून पूर्वेकडे मांडलेली दिसतील. आता अशी कल्पना करा की, यांपैकी प्रत्येक गावी तुमचा एकेक मित्र लहानशी दुर्बीण घेऊन गच्चीवर बसला आहे. चंद्र माथ्याजवळ आहे आणि त्याच्या अंधाऱ्या कडेला रोहिणीचा तारा अगदी टेकल्यासारखा दिसतो आहे. एका क्षणी त्र्यंबकेश्वरचा मित्र म्हणेल, "गेला!" नाशिकच्या मित्राला मात्र तारा अजून स्वच्छ दिसत असेल. सुमारे पाऊण मिनिटाने त्याचाही तारा नाहीसा होईल. निफाडकराची पाळी त्यानंतर मिनिटभराने आणि येवलेकराची आणखी मिनिटभराने येईल. चंद्राच्या कडेचा नेमका कोणता भाग ताऱ्याआड येतो यावर हे आकडे थोडेफार बदलतील, पण क्रम तोच राहील.

असे का व्हावे? सूर्यप्रकाशात चंद्राची सावली पडते आणि ती पृथ्वीवर आली की आपण सूर्यग्रहण पाहतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. ताऱ्याच्या प्रकाशातही चंद्राची सावली पडतेच. तारा इतका दूर असतो की त्याचे किरण समांतर येतात, म्हणून ही सावली चंद्राएवढीच रुंद, म्हणजे सुमारे ३,४७६ किलोमीटर व्यासाची असते. चंद्र आपल्या कक्षेत सेकंदाला सुमारे एक किलोमीटर या वेगाने पूर्वेकडे सरकतो, तशी ती सावलीही सरकते. नाशिकची जमीनदेखील पृथ्वीच्या परिवलनामुळे सेकंदाला सुमारे ४४० मीटर वेगाने पूर्वेकडेच धावत असते. म्हणून चंद्र माथ्याजवळ असताना सावलीची कड आपल्या गावावरून सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेगाने जाते. पुढे निघालेल्या बैलगाडीला मागून येणारी मोटार गाठून पुढे जावी, तसा हा प्रकार आहे.

चंद्राने ताऱ्याला झाकण्याच्या या घटनेस पिधान म्हणतात. पिधान म्हणजे झाकण. ताऱ्यांचे आकारमान मोजण्याची आणि जोडतारे ओळखण्याची एक फार सूक्ष्म पद्धत या साध्या झाकाझाकीतून निघाली आहे. तिच्याकडे वळण्यापूर्वी चंद्र कोणत्या ताऱ्यांना झाकू शकतो हे पाहू.

चंद्राचा मार्ग क्रांतिवृत्ताच्या दोन्ही बाजूंना पाच अंशांहून थोडा अधिक जातो. या पट्ट्याबाहेरच्या ताऱ्याला चंद्र कधीच झाकू शकत नाही. पट्ट्यातील ठळक तारे चारच आहेत : रोहिणी, मघा, चित्रा आणि ज्येष्ठा. चारही आपल्या नक्षत्रांचे योगतारे आहेत हे ध्यानात घ्या. नक्षत्रपद्धती मुळात चंद्राच्या वाटेवरील खुणा म्हणूनच जन्मली असल्याने तसे होणे साहजिक आहे. दक्षाच्या सत्तावीस मुलींपैकी रोहिणीच चंद्राची विशेष लाडकी, असे पुराणकारांनी लिहिले. आकाशात चंद्र खरोखरच कधीकधी तिला कवेत घेतो हे त्यांनी पाहिले असले पाहिजे, असे मला वाटते.

रोहिणी आणि तिच्याजवळचे तारे मिळून गाड्याच्या आकाराची जी आकृती होते, तिला रोहिणीशकट म्हणतात. चंद्र त्या आकृतीत शिरला की शकटभेद झाला. हा भेद केव्हा होतो याचा नियम गणेश दैवज्ञाने आपल्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथात (इ. स. १५२०) दिला आहे. हा गणेश नांदगावचा. पण ते नाशिक जिल्ह्यातले मनमाडजवळचे नांदगाव नव्हे, कोकणातले मुरूडजवळचे. राहू पुनर्वसूपासूनच्या आठ नक्षत्रांत असेल तेव्हा चंद्र रोहिणीचा शकट भेदतो, असा तो नियम आहे.

येथे राहू म्हणजे कोणी राक्षस नव्हे. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला जेथे छेदून उत्तरेकडे जाते, तो बिंदू म्हणजे राहू. हा बिंदू १८.६ वर्षांत आकाशाची एक उलटी फेरी करतो. रोहिणीचा तारा क्रांतिवृत्ताच्या सुमारे साडेपाच अंश दक्षिणेस आहे. म्हणून चंद्र तिच्यापाशी येईल तेव्हा तो दक्षिणेकडे जवळजवळ पुरता कललेला असावा लागतो, आणि त्यासाठी राहू तिच्यापुढे सुमारे ९० अंशांवर असावा लागतो. नक्षत्रे मोजून पाहा. रोहिणीपुढे ९० अंशांवर मघा संपून पूर्वा फाल्गुनी सुरू होते, आणि पुनर्वसूपासूनच्या आठ नक्षत्रांचा मध्यही जवळजवळ तेथेच येतो. पाचशे वर्षांपूर्वीचा हा नियम आजच्या गणिताशी किती जुळतो, हे कोणाही विद्यार्थ्याला कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येईल.

शकटात शिरणे आणि प्रत्यक्ष रोहिणीचा तारा झाकणे यांत फरक आहे. दुसऱ्या घटनेसाठी राहूची जागा अधिक नेमकी असावी लागते, म्हणून ती १८.६ वर्षांतून साडेतीन-पावणेचार वर्षेच घडते. त्या काळात मात्र चंद्र दर फेरीला, म्हणजे सुमारे २७ दिवसांनी, रोहिणीला पृथ्वीवरील कोठल्या ना कोठल्या भागातून पाहता झाकतोच. जानेवारी २०१५ ते सप्टेंबर २०१८ या काळात अशी ४९ पिधाने झाली. पुढील मालिका २०३३ ते २०३७ या वर्षांत आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. रोहिणीचा तारा केवढा आहे?

दुर्बिणीतून पाहिले तर ग्रहांच्या चकत्या दिसतात, ताऱ्याचा मात्र ठिपकाच राहतो. दुर्बीण मोठी केली तर ठिपका अधिक तेजस्वी होतो, पण त्याची चकती होत नाही. कारण ताऱ्याचा कोनीय व्यास अतिशय लहान असतो. एका अंशाचे ६० भाग केले की एक कला, आणि एका कलेचे ६० भाग केले की एक विकला. चंद्राचे बिंब सुमारे ३१ कला आहे. रोहिणीचा कोनीय व्यास केवळ ०.०२ विकला आहे. म्हणजे किती? अडीच सेंटिमीटर व्यासाचे एक नाणे कोणी साताऱ्याला अजिंक्यताऱ्यावर धरले आणि आपण नाशिकच्या पांडवलेण्यांच्या डोंगरावरून ते पाहिले, तर जेवढे दिसेल तेवढे! मध्ये हवाही नसती, डोंगरही नसते असे घटकाभर समजू. पण हवा असतेच आणि तीच मोठी अडचण आहे. वातावरणातील हालचालींमुळे ताऱ्याचा ठिपका एकेका विकलेएवढा पसरतो. ज्याचे माप घ्यायचे, त्याच्या पन्नासपट हा पसारा झाला.

अशा वेळी चंद्राची कड उपयोगी पडते. कारण ती वातावरणाबाहेर, पावणेचार लाख किलोमीटरांवर आहे. शिवाय चंद्राला नाव घेण्याजोगे वातावरण नाही, त्यामुळे तारा तिच्याआड जाताना मंद होत जात नाही, फुंकर मारून दिवा विझवावा तसा विझतो. ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर चंद्र सेकंदाला साधारण अर्धी विकला सरकतो. आपणही पृथ्वीबरोबर फिरत असल्यामुळे, चंद्र माथ्यावर असताना हा वेग एकतृतीयांश विकलेपर्यंत उतरतो. याचा अर्थ असा की, जेथे कोन मोजता येत नाही तेथे आपण वेळ मोजावी. दशांश सेकंद मोजता आला तर विकलेचा तिसावा भाग मोजला गेला. सेकंदाचा हजारावा भाग मोजता आला, तर जगातल्या मोठमोठ्या दुर्बिणींना थेट चित्रात दिसत नाही इतके बारीक माप हाती आले. कोन मोजण्याचे काम घड्याळावर सोपवायचे, ही या पद्धतीतील खरी युक्ती आहे.

युक्तीचा पहिला मोठा लाभ अनपेक्षितपणे झाला. १३ एप्रिल १८१९ रोजी ज्येष्ठा तारा चंद्राआड गेला होता आणि तो बाहेर येण्याची वाट व्हिएन्ना येथील ज्योतिर्विद योहान टोबियास ब्यूर्ग पाहत होते. पौर्णिमा होऊन गेली होती, म्हणजे चंद्राची पश्चिम कड अंधारी होती आणि तारा त्या अंधारातून उगवणार होता. ठरल्या वेळी तारा आला, पण तो होता सहाव्या-सातव्या प्रतीचा, मिणमिणता! ज्येष्ठा तर पहिल्या प्रतीचा तारा. सुमारे पाच सेकंद गेली आणि मग एकाएकी ज्येष्ठा आपल्या नेहमीच्या तेजाने झळकली.

पहिल्यांदा आला तो तारा कोण होता? तो होता ज्येष्ठेचा जोडीदार. तो तिच्या पश्चिमेस सुमारे तीन विकलांवर आहे. पूर्वेकडे जाणारा चंद्र पश्चिमेकडील वस्तू आधी उघडी करतो, म्हणून तो आधी दिसला. ज्येष्ठेच्या तांबड्या झगझगाटात तो बुडून जातो, त्यामुळे एरवी दुर्बिणीतूनही त्याला वेगळा पाहणे अवघड असते. चंद्राने ज्येष्ठेवर पाच सेकंद हात धरला, म्हणून तो उघडकीस आला. पुढे पंचवीस वर्षांनी, २३ जुलै १८४४ रोजी, ग्रँट नावाच्या स्कॉटिश निरीक्षकाने तो दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहिला, आणि तेही भारतातून.

ब्यूर्ग यांच्याजवळ साधी दुर्बीण आणि घड्याळ एवढेच होते. या पद्धतीत लहान दुर्बिणीला मोठा मान आहे तो यामुळेच. दहा सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण फार तर सव्वा विकलेवरील दोन तारे वेगळे दाखवू शकते. पण ०.१ विकला अंतरावरील दोन तारे चंद्राआड जाताना त्यांच्यात पाव-तृतीयांश सेकंदाचा फरक पडेल. तारा आधी अर्धवट मंद झाला आणि मग गेला, एवढे डोळ्याला जाणवते. जे अंतर चित्रात दाखवायला एक मीटरहून मोठ्या व्यासाची दुर्बीण लागेल, ते येथे शाळेच्या दुर्बिणीत कळते. प्रकाश किती टप्प्यांत उतरला यावरून दोन ताऱ्यांची तेजेही कळतात. समजा, एकूण प्रकाश शंभर होता. पहिल्या टप्प्यानंतर तीस उरला आणि मग शून्य झाला. तर पहिल्या ताऱ्याचे तेज सत्तर आणि दुसऱ्याचे तीस. हिशेब संपला!

मात्र या मापाला एक मर्यादा आहे, ती विसरून चालणार नाही. भिंतीच्या उभ्या कडेमागे दोन पणत्या सरकत आहेत असे समजा. त्या शेजारी शेजारी असतील तर एकीमागून एक दिसेनाशा होतील. पण एक पणती बरोबर दुसरीच्या वर असेल, तर मधले अंतर हातभर असले तरी दोघी एकाच क्षणी जातील. चंद्राची कडही आपल्या काटकोनातलेच अंतर सांगते, कडेला समांतर असलेले अंतर तिला कळत नाही. उपाय असा की, तेच पिधान दोन दूरच्या ठिकाणांहून पाहावे. उत्तरेकडील निरीक्षकाला तारा चंद्राच्या कडेवर एका जागी जाताना दिसतो, दक्षिणेकडील निरीक्षकाला दुसऱ्या जागी. कडेची दिशा बदलली की दुसरे माप मिळते. दोन्ही मापे कागदावर मांडली की जोडताऱ्यांचे खरे अंतर आणि दिशा मिळते. म्हणूनच पिधानाच्या कामात एकट्या वेधशाळेपेक्षा विखुरलेल्या पुष्कळ निरीक्षकांना महत्त्व आहे.

जोडताऱ्यांपेक्षा ताऱ्याचा व्यास मोजणे अवघड. तारा ठिपका नसून चकती असेल, तर तो एका क्षणात न जाता थोडा वेळ घेऊन जाईल हे उघड आहे. रोहिणीला सेकंदाचा विसावा भाग लागेल, ज्येष्ठेला सुमारे दहावा. हा वेळ मोजला की व्यास मिळाला! ही कल्पना मॅकमेहन यांनी १९०९ साली मांडली. त्याच वर्षी आर्थर एडिंग्टन यांनी तिच्यावर बोट ठेवले. एडिंग्टन तेव्हा सव्वीस वर्षांचे होते.

त्यांचा आक्षेप असा. प्रकाश हा तरंगरूप आहे. कोणत्याही कडेवरून जाताना तो थोडा वळतो, आणि सावलीची कड धारदार न राहता तिच्यालगत उजेड-अंधाराचे पट्टे पडतात. यालाच विवर्तन म्हणतात. दाढीचे पाते प्रकाशाच्या बारीक फटीसमोर धरून हे पट्टे प्रयोगशाळेत दाखवता येतात. तेथे ते मिलिमीटरच्याही अंशाएवढे असतात. पण पाते पावणेचार लाख किलोमीटर दूर असेल तर? गणित केले तर पहिला तेजस्वी पट्टा सावलीच्या कडेपासून सुमारे बारा मीटरांवर येतो आणि दुसरा चोवीस मीटरांवर. म्हणजे पिधानाच्या वेळी तुमच्या शाळेच्या मैदानावरून बारा-बारा मीटर रुंदीचे उजेडाचे पट्टे सेकंदाला सहाशे मीटर वेगाने धावत जातात! एकेक पट्टा सेकंदाच्या पन्नासाव्या भागात निघून जातो. म्हणजे तारा अगदी ठिपका असला तरीही त्याचा प्रकाश जायला एवढा वेळ लागणारच. मग त्यातून ताऱ्याच्या स्वतःच्या व्यासाचा वेळ वेगळा कसा काढायचा? एडिंग्टन यांच्या मते ते साधणार नव्हते.

त्यांचे गणित बरोबर होते, पण पुढे त्याच गणिताने वाट दाखवली. विचार करा : ताऱ्याच्या चकतीच्या आपण उभ्या फाका केल्या. प्रत्येक फाक जमिनीवर आपापली पट्ट्यांची नक्षी टाकील आणि या नक्षी एकमेकींपासून किंचित सरकलेल्या असतील. तारा लहान असेल तर सरक कमी, म्हणून नक्षी स्वच्छ राहील. तारा मोठा असेल तर एकीचा उजेड दुसरीच्या अंधारावर पडून पट्टे पुसट होतील. तेव्हा प्रकाश जायला किती वेळ लागला एवढेच पाहायचे नाही, पट्टे किती पुसले गेले ते पाहायचे! चंद्राच्या अंतरावर विकलेचा हजारावा भाग म्हणजे १.८६ मीटर. मघा ताऱ्याचा कोनीय व्यास सुमारे ०.००१३ विकला, तेथे तो अडीच मीटरांएवढा भरतो. बारा मीटरांच्या पट्ट्यापुढे अडीच मीटर काहीच नाहीत, म्हणून मघाचे पट्टे ठसठशीत येतात. रोहिणी ३७ मीटरांएवढी भरते. तिचे पट्टे बरेचसे पुसून जातात.

यासाठी प्रकाशाची नोंद सेकंदाला शेकडो वेळा करणारे साधन हवे. ते प्रकाशविद्युत् घटांच्या रूपाने मिळाले आणि अमेरिकेतील अल्बर्ट व्हिटफर्ड यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस चंद्राच्या कडेवरचे हे पट्टे नोंदवून दाखवले. १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत डेव्हिड एव्हन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्येष्ठेच्या पिधानावरून तिचा व्यास काढला. तो सुमारे ०.०४ विकला भरला. मायकेलसन आणि पीझ यांनी १९२० मध्ये काक्षीचा, म्हणजे मृगातील तांबड्या ताऱ्याचा, व्यास माउंट विल्सनच्या अडीच मीटर दुर्बिणीवर सहा मीटरांची तुळई बसवून मोजला होता. ज्येष्ठेचे माप घेताना ती तुळई चंद्राने फुकट पुरवली, असे म्हणायला हरकत नाही.

कोनीय व्यास आणि अंतर माहीत असले की खरा व्यास मिळतो. रोहिणी आपल्यापासून सुमारे ६५ प्रकाशवर्षे दूर आहे. त्यावरून तिचा व्यास सूर्याच्या सुमारे ४५ पट येतो. ज्येष्ठेचे अंतर साडेपाचशे प्रकाशवर्षांच्या आसपास आहे आणि व्यास सूर्याच्या सुमारे ७०० पट. सूर्याच्या जागी ज्येष्ठा ठेवली तर बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ तिच्या पोटात जातील. एवढ्या राक्षसी ताऱ्याला चंद्र दशांश सेकंदात गिळतो!

आपल्या देशात या कामाला चांगली परंपरा आहे. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेची १.२ मीटर व्यासाची दुर्बीण अबूच्या पहाडावर गुरुशिखर येथे, समुद्रसपाटीपासून १,६८० मीटर उंचीवर आहे. तेथे १९९० च्या दशकापासून अवरक्त किरणांत पिधानांच्या मिलिसेकंदी नोंदी घेऊन तांबड्या राक्षसी ताऱ्यांचे व्यास काढण्यात आले. अवरक्तच का, असे कोणी विचारील. २.२ मायक्रॉन लांबीच्या तरंगांत चंद्राचा झगझगाट कमी त्रास देतो आणि थंड, तांबडे तारे अधिक तेजस्वी दिसतात. शिवाय तरंगलांबी चौपट झाली की पट्ट्यांची रुंदी दुप्पट होते. म्हणजे ते टिपायलाही दुप्पट वेळ मिळतो.

हीच युक्ती रेडिओ तरंगांसाठी तर आणखी मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. ऑस्ट्रेलियात पार्क्स येथे १९६२ साली सिरिल हॅझर्ड यांनी चंद्राच्या पिधानावरून एका रेडिओ स्रोताची नेमकी जागा शोधली आणि तो दुहेरी असल्याचे दाखवले. त्या जागी जो ताऱ्यासारखा ठिपका सापडला, त्यावरून पुढच्याच वर्षी मार्टिन श्मिट यांनी क्वेसार या नव्या वस्तूचा शोध लावला. गोविंद स्वरूप यांनी उटी येथे १९७० मध्ये उभी केलेली रेडिओ दुर्बीण मुख्यतः अशा पिधानांसाठीच बांधलेली होती. ती ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. तिच्यासाठी त्यांनी मुद्दाम सुमारे अकरा अंश उताराची टेकडी शोधली. उटीचे अक्षांशही अकराच्या जवळ असल्याने त्या उतारावर उत्तर-दक्षिण ठेवलेली दुर्बीण आपोआप पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाली. एकाच अक्षाभोवती फिरवून चंद्रामागे तासन् तास जाता येईल अशी ही सोय होती. याच स्वरूप यांच्या पुढाकाराने पुढे खोडदची तीस तबकड्यांची विशाल दुर्बीण उभी राहिली. नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागते, तेथून ती थोड्याच अंतरावर आहे.

आता तुमच्या गच्चीवर काय करता येईल ते पाहू. पिधान पाहायला शुक्ल पक्षातील चतुर्थी ते दशमी हे दिवस सर्वांत चांगले, कारण त्या वेळी चंद्राची पुढची म्हणजे पूर्वेकडील कड अंधारी असते आणि तारा तिच्याआड जातो. उजळ कडेपाशी लहान तारा चंद्राच्या प्रकाशात हरवतो. कृत्तिकेचा पुंजका हा नवशिक्यांसाठी उत्तम; तेथे एकाच रात्री अनेक तारे लागोपाठ झाकले जातात. कृत्तिकांच्या पिधानांची एक मालिका २०२३ मध्ये सुरू झाली असून ती २०२९ पर्यंत आहे. ज्येष्ठेचीही २०२३ ते २०२८ अशी मालिका आहे. यांतले प्रत्येक पिधान महाराष्ट्रातून दिसेल असे मात्र नाही. पंचांगात चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे हे मिळेल, पण नक्षत्राचा विभाग १३ अंश २० कलांचा असतो, तेव्हा त्यावरून फक्त दिवस कळेल. मिनिटापर्यंतची वेळ हवी तर संगणकावरील आकाशदर्शनाच्या प्रोग्रॅममध्ये आपल्याच गावाचे अक्षांश-रेखांश भरा. नाशिकसाठी ते सुमारे २० अंश उत्तर आणि ७३ अंश ४७ कला पूर्व असे आहेत. मुंबईची वेळ घेऊन बसाल तर तारा भलत्याच क्षणी जाईल.

डोळ्याने पाहून बटण दाबण्यात पाव ते तृतीयांश सेकंद उशीर होतो. म्हणून आधी सराव करा. एकाने टॉर्च अचानक विझवावा आणि दुसऱ्याने वेळ घ्यावी. दहा-वीस वेळा केले की आपला उशीर किती हे कळते. त्याहून चांगला मार्ग म्हणजे मोबाइल दुर्बिणीच्या नेत्रिकेला लावून चलच्चित्र घ्यावे. त्यात सेकंदाला तीस चित्रे येतात, म्हणजे चंद्र माथ्यावर असताना एका चित्रामागे सुमारे ०.०११ विकला. ठळक ताऱ्यांपुरते हे जमते. हौशी निरीक्षक आज याच रीतीने नवे जोडतारे शोधत आहेत आणि त्यांच्या नोंदी आंतरराष्ट्रीय पातळीवर एकत्र केल्या जातात. चंद्राच्या कडेवरचे डोंगर-दऱ्या आता चांद्रयानांच्या मोजणीमुळे बारकाईने ठाऊक आहेत, त्यामुळे पूर्वी जी चूक कडेच्या खडबडीतपणाने येत असे, तीही बरीचशी काढता येते.

वहीत रकाने आखून ठेवा : तारीख, ठिकाण, ताऱ्याचे नाव, कड अंधारी की उजळ, वेळ, आकाशाची स्थिती. शेवटी एक रकाना ‘तारा कसा गेला’ यासाठी राखून ठेवा आणि तो पिधान झाल्याबरोबर, शेजाऱ्याशी बोलण्याआधी भरा : एकदम गेला, दोन टप्प्यांत गेला, की किंचित रेंगाळला. दुसऱ्या गावच्या मित्राची नोंद त्यानंतरच पाहा.